पीएचपीत युनिट टेस्ट बसवताना: आधी पावती, मग लॉगिन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पीएचपीवर चालणारं काम भरपूर आहे. सोसायटीचं कर्जखातं, शाळेची फी, उसाच्या काट्याची पावती, मंगल कार्यालयाचं बुकिंग. त्यातलं बरंचसं साध्या पीएचपीत लिहिलेलं, शेअर्ड होस्टिंगवर ठेवलेलं, आणि युनिट टेस्ट, म्हणजे एकेक फंक्शन बरोबर उत्तर देतं का हे आपोआप तपासणारा छोटा कोड, म्हणाल तर एकही नाही. शिकायला बसलं की पहिलं उदाहरण मिळतं ते लॉगिनचं, नाहीतर दोन आकड्यांच्या बेरजेचं. पण या अ‍ॅप्लिकेशन्सना खरा त्रास होतो तो मराठी आणि कन्नड नावांत, तारखांत आणि पैशांत. म्हणून पहिल्या टेस्ट तिथल्याच लिहाव्यात. लॉगिन मोडलं तर दहा मिनिटांत कुणाचा तरी फोन येतो. व्याज एक रुपयाने चुकलं तर ते ऑडिटपर्यंत कुणालाच कळत नाही.

आधी पीएचपीयुनिट, म्हणजे पीएचपीत टेस्ट चालवणारं साधन, बसवू. सर्व्हरवर पीएचपीची कुठली आवृत्ती आहे ते पाहा, लॅपटॉपवरची नव्हे. पीएचपीयुनिट ९ ला पीएचपी ७.३ पासून पुढे चालतं, १० ला किमान ८.१ लागतं, ११ ला ८.२ आणि १२ ला ८.३. लॅपटॉपवर ८.३ आणि सर्व्हरवर ८.१ असेल तर कंपोझर (पीएचपीची पॅकेजं आणणारं साधन) लॅपटॉपकडे बघून पॅकेज निवडतो, आणि निवडलेल्या आवृत्त्या नोंदवणारी तीच लॉक फाइल सर्व्हरवर अडते. यावर उपाय म्हणजे कंपोझरच्या जेसन फाइलमध्ये 'कॉन्फिग'खाली 'प्लॅटफॉर्म'मध्ये पीएचपीची सर्व्हरवरची आवृत्ती लिहून ठेवायची. मग 'कंपोझर रिक्वायर' ही आज्ञा 'डेव्ह' पर्यायासह द्यायची. 'डेव्ह' विसरू नका, त्याचं कारण शेवटी येईल.

इन्स्टॉल अडलं तर बहुतेक वेळा एखादं एक्स्टेन्शन कमी असतं. उबुंटूवर पीएचपीचं एक्सएमएल आणि एमबीस्ट्रिंग ही दोन पॅकेजं वेगळी घालावी लागतात. मराठी मजकुरासाठी इंटल हे वेगवेगळ्या भाषांचा मजकूर हाताळणारं एक्स्टेन्शन हवंच. झॅम्पवर ते बहुधा पीएचपी डॉट आयएनआयमध्ये अर्धविराम लावून बंद ठेवलेलं असतं, तो अर्धविराम काढायचा. उबुंटूवर टर्मिनलची आयएनआय फाइल वेगळी आणि अपाचेची वेगळी, त्यामुळे ब्राउझरमध्ये चालतं पण टेस्टमध्ये नाही असं झालं की आधी तिकडे बघा. खानापूरच्या आतल्या गावांत पावसाळ्यात नेट रडतं, तेव्हा पीएचपीयुनिटची एकच 'फार' (.phar) फाइल, म्हणजे सगळं एकत्र बांधलेली फाइल, पेन ड्राइव्हवरून आणली तरी काम सुरू होतं.

फोल्डर दोनच पुरेत: कोड 'एसआरसी'मध्ये, टेस्ट 'टेस्ट्स'मध्ये. कंपोझरच्या 'ऑटोलोड'मध्ये पहिल्याचं नेमस्पेस आणि 'ऑटोलोड-डेव्ह'मध्ये दुसऱ्याचं लिहा, मग 'डंप-ऑटोलोड' चालवा. पीएचपीयुनिटची एक्सएमएल फाइल हाताने लिहायची गरज नाही, 'जनरेट-कॉन्फिगरेशन' पर्याय दिला की ती तयार होते. त्यात 'फेल ऑन वॉर्निंग' आणि 'फेल ऑन रिस्की' हे दोन्ही ट्रू आहेत ना, एवढं तपासा. नाहीतर एकही असर्शन (उत्तर तपासणारी ओळ) नसलेली टेस्ट फक्त 'रिस्की' असा शेरा घेऊन सुटते.

'एकही टेस्ट चालली नाही' असा संदेश आला तर फाइलच्या नावाचा शेवट 'टेस्ट'ने होतो का आणि मेथडचं नाव 'टेस्ट'ने सुरू होतं का ते बघा. 'क्लास सापडला नाही' असं आलं तर अक्षरं मोठी की छोटी ते बघा. विंडोजला फाइलच्या नावातला हा फरक कळत नाही, लिनक्सला कळतो. लॅपटॉपवर महिनोन् महिने चाललेला क्लास सर्व्हरवर गेल्या गेल्या मोडतो तो यामुळेच.

आता जुना कोड. पावतीची फाइल उघडली की एकाच ठिकाणी पोस्टचा डेटा घेणं, डेटाबेसची क्वेरी, व्याजाचं गणित, एचटीएमएल आणि शेवटी एक्झिट, असं सगळं सापडतं. या फाइलला आहे तशी टेस्ट लावू नका. एक्झिट आला की पीएचपीयुनिटचीच प्रोसेस बंद पडते आणि उरलेल्या टेस्ट चालतच नाहीत. हेडर पाठवायला गेलं तर 'हेडर्स आधीच गेलेत' ही तक्रार येते, कारण पीएचपीयुनिटने स्क्रीनवर आधीच काही छापलेलं असतं. अशा फाइलमधून फक्त गणित बाहेर काढायचं. ज्या फंक्शनला मुद्दल, दर, दिवस दिले की व्याज परत मिळतं, आणि ज्याला डेटाबेस, सेशन, आजची तारीख यातलं काहीच ठाऊक नसतं, असं एक फंक्शन. जुनी फाइल तेच फंक्शन बोलावेल. बाकीच्या फाइलला हात लावायची घाई नको.

त्या फंक्शनची पहिली टेस्ट अशी. मुद्दल १०,००० रुपये, दर १२ टक्के, ९० दिवस. वर्ष ३६५ दिवसांचं धरलं तर व्याज २९५.८९ येतं, ३६६ धरलं तर २९५.०८. फरक ८१ पैशांचा आहे, पण जवळच्या रुपयाला गोळा केलं की एकीकडे २९६ आणि दुसरीकडे २९५ होतात. लीप वर्षात भाजक काय घ्यायचा हे प्रोग्रामरने ठरवायचं नाही. ते सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा आणि त्यांचं उत्तर टेस्टच्या नावातच लिहा. पुढे दुसरा कुणी कोड बदलायला बसला तर नियम त्याला तिथेच वाचायला मिळेल.

पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्येच्या प्रकारात, ठेवू नका. पीएचपीत १९.९९ ला १०० ने गुणून इंटिजर केलं की १९९९ नाही, १९९८ मिळतात. सगळा हिशेब पैशांत, म्हणजे पूर्णांकात करावा आणि रुपये फक्त छापताना दाखवावेत. मायएसक्यूएलचा डेसिमल कॉलम पीडीओतून (पीएचपीच्या डेटाबेस जोडणीतून) स्ट्रिंग म्हणून येतो हेही लक्षात असू द्या. तसंच पीएचपी ८.१ पासून पीडीओ मायएसक्यूएलमध्ये एम्युलेटेड प्रिपेअर (क्वेरीतल्या किमती पीएचपीच भरतं ती पद्धत) असतानाही पूर्णांक स्ट्रिंगऐवजी इंटिजर म्हणून यायला लागले. ८.० वरून वर जाताना हा बदल टेस्टनेच पकडला जातो, पण टेस्टमध्ये 'असर्ट सेम' वापरलं असेल तरच.

'असर्ट इक्वल्स'चा मोह टाळा. बेळगावचा एसटीडी कोड ०८३१. फोन नंबर वेगळा करणाऱ्या फंक्शनने कुठेतरी इंटिजर करून ८३१ परत दिला, आणि टेस्टमध्ये अपेक्षित उत्तर '०८३१' ही स्ट्रिंग असली, तर 'असर्ट इक्वल्स' दोघांना समान मानतं आणि हिरवा रंग दाखवतं. पुढचं शून्य गेलेलं असतं, कुणाला पत्ता नसतो. 'असर्ट सेम' प्रकारही तपासतं, म्हणून ते लगेच लाल होतं.

तारखांमध्ये सगळ्यात जास्त घात करणारी गोष्ट म्हणजे 'एक महिना पुढे'. ३१ जानेवारी २०२५ ला पीएचपीत एक महिना मिळवला की ३ मार्च २०२५ येते, २८ फेब्रुवारी नाही. कर्जाच्या हप्त्याची तारीख अशी काढली असेल तर फेब्रुवारीचा हप्ताच गायब होतो. आर्थिक वर्षाच्या फंक्शनला ३१ मार्च आणि १ एप्रिल या दोन तारखा द्याच. अशा जोड्यांसाठी डेटा प्रोव्हायडर उत्तम: एकच टेस्ट, आणि तिला पुरवायच्या तारखांची यादी. पीएचपीयुनिट ११ पासून ही यादी देणारी मेथड पब्लिक आणि स्टॅटिक असावीच लागते (१० मध्ये नुसता इशारा येतो), आणि १२ मध्ये कॉमेंटमधली जुनी अ‍ॅनोटेशन चालत नाहीत, अ‍ॅट्रिब्यूटच लागतात. जुना लेख बघून लिहिलेली टेस्ट इथेच अडखळते.

'आज' फंक्शनच्या आत काढू नका, बाहेरून द्या. सर्व्हरची वेळ बहुधा यूटीसी असते. मग मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत निघालेल्या प्रत्येक पावतीवर आदल्या दिवसाची तारीख पडते. गळीत हंगामात काटा रात्रभर चालू असतो, तिथे हा प्रश्न रोजचा होतो. 'आज' बाहेरून आलं तर १ एप्रिलच्या रात्री २ वाजताची टेस्ट भर दुपारीही चालवता येते.

आता नावं. या भागात एकाच फॉर्मवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी असं तिन्ही येतं. 'बेळगाव' या नावावर एसटीआरलेन चालवलं तर १८ मिळतात, एमबी एसटीआरलेन ६ सांगतं, आणि इंटलमधलं ग्राफीम मोजणारं फंक्शन ४. तिन्ही बरोबरच आहेत, कारण पहिलं बाइट मोजतं, दुसरं कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं, काना-मात्रा वेगळ्या धरून), तिसरं डोळ्याला दिसणारी अक्षरं. देवनागरी असो वा कन्नड, प्रत्येक कोडपॉइंट यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतो. म्हणून साध्या सबस्ट्रिंगने पहिले १० घेतले की तीन कोडपॉइंट आणि चौथ्याचा एक तुटका बाइट हाती लागतो. असा मजकूर जेसन एन्कोडला दिला की ते फॉल्स परत देतं आणि पानावर यादीच येत नाही. ही टेस्ट दोन ओळींची आहे: लांब मराठी नाव कापून घ्या, आणि ते वैध यूटीएफ-८ आहे का हे एमबी चेक एन्कोडिंगने विचारा.

याहून चिवट प्रकार म्हणजे 'कुऱ्हाडे', 'गोऱ्हे' अशी आडनावं. यातला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड युनिकोडमधला ०९३१ हा ऱ आणि हलन्त देतात, तर काही ०९३० हा साधा र, हलन्त आणि २००डी हे न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात, पण शोध घेतला की एक सभासद सापडतो आणि दुसरा नाही. टेस्ट लाल होते तेव्हाही पीएचपीयुनिट अपेक्षित आणि मिळालेलं असं एकसारखं दिसणारं नाव दोनदा छापतं. अशा वेळी दोन्ही नावं बिन-टू-हेक्समधून (बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या फंक्शनमधून) काढली की फरक समोर येतो. युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशनने हे मिटत नाही, ते फक्त र आणि नुक्ता यांचा ऱ करतं. र, हलन्त, जोडचिन्ह या तीन कोडपॉइंटच्या जागी ऱ आणि हलन्त घालणारी एक ओळ आपल्यालाच लिहावी लागते. सगळीच जोडचिन्हं सरसकट काढू नका: तसं केलं तर 'कुऱ्हाडे'चं 'कुर्हाडे' होऊन बसतं, आणि कन्नडमध्येही काही ठिकाणी ते चिन्ह लागतं. ही दोन्ही प्रकरणं टेस्टमध्ये शेजारी शेजारी ठेवा.

आकड्यांचंही तसंच. मोबाइल नंबर तपासायला रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये बॅकस्लॅश डी (कुठलाही आकडा) आणि शेवटी यू (युनिकोड) मॉडिफायर असेल तर पीएचपी देवनागरी आणि कन्नड आकडेही मान्य करते. नंबर तपासणीतून पास होतो, पण पुढे त्याचा इंटिजर केला की शून्य. आधी सगळे आकडे इंग्रजी करून घ्या, मगच तपासा. गावाच्या नावालाही असंच फंक्शन लागतं, कारण १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे, जुन्या नोंदींत बेळगाव आहे, आणि इंग्रजीत दोन्ही स्पेलिंगं सापडतात. गाड्यांचे नंबर म्हणाल तर केए २२, केए २३ आणि कोल्हापूरकडचे एमएच ०९, कधी जागा सोडून, कधी डॅश देऊन. ही सगळी रूपं डेटा प्रोव्हायडरमध्ये टाकली की झालं.

एसएमएससाठी खरा गेटवे टेस्टमध्ये कधीही बोलावू नका. त्याच्यापुढे एक इंटरफेस ठेवा आणि टेस्टमध्ये पीएचपीयुनिटचा स्टब, म्हणजे खोटा गेटवे, द्या. तपासायचा तो मजकूर. मराठी किंवा कन्नड संदेशाला एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं मिळतात, त्यावर गेलं की तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात. इथली 'अक्षरं' म्हणजे कोडपॉइंट, काना-मात्रेसकट. सगळ्यात लांब नाव आणि सगळ्यात मोठी रक्कम घालून तयार झालेला संदेश ७० च्या आत बसतो का, एवढी टेस्ट दर महिन्याचा खर्च वाचवते.

डेटाबेसच्या टेस्ट शेवटी, आणि मोजक्याच. प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये सुरू करून टेअर-डाउनमध्ये (टेस्ट संपल्यावर चालणाऱ्या मेथडमध्ये) रोलबॅक करणं, म्हणजे केलेले बदल मागे घेणं, सोपं पडतं. पण जुनी टेबलं मायआयएसएएम या जुन्या प्रकारची असतील तर रोलबॅकचा काहीही परिणाम होत नाही आणि टेस्टच्या पावत्या टेबलात तशाच राहतात. मध्येच टेबल तयार केलं किंवा बदललं तरी मायएसक्यूएल परस्पर कमिट करतं. टेस्टचा डेटाबेस वेगळा ठेवा, आणि कनेक्शन उघडताना डेटाबेसच्या नावाचा शेवट 'टेस्ट'ने होत नसेल तर तिथेच थांबवणारी एक ओळ टाका. ही ओळ मी ऐच्छिक मानत नाही.

राहिला 'डेव्ह'चा मुद्दा. सर्व्हरवर कोड नेताना कंपोझर इन्स्टॉलला 'नो-डेव्ह' द्या, म्हणजे पीएचपीयुनिट तिकडे जाणारच नाही. शेअर्ड होस्टिंगवर बरेच जण लॅपटॉपवरचा आख्खा फोल्डर एफटीपीने पब्लिक एचटीएमएलमध्ये टाकतात, व्हेंडर या पॅकेजांच्या फोल्डरसकट. पीएचपीयुनिटच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये 'इव्हॅल-एसटीडीइन' नावाची फाइल होती. ती ब्राउझरमधून उघडता येत असेल तर बाहेरचा कुणीही आपल्या सर्व्हरवर हवा तो पीएचपी कोड चालवू शकत होता. सीव्हीई-२०१७-९८४१ या सुरक्षा-दोषाच्या क्रमांकाने तिची नोंद आहे, ४.८.२८ आणि ५.६.३ मध्ये ती दुरुस्त झाली, तरी बॉट अजून ती फाइल शोधत फिरतात. सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग उघडलात तर त्या नावाच्या विनंत्या बहुधा दिसतील. व्हेंडर फोल्डर पब्लिक एचटीएमएलच्या एक पायरी वर हलवा. होस्टिंगवाला तसं करू देत नसेल तर त्या फोल्डरमध्ये एचटीअ‍ॅक्सेस फाइल ठेवून बाहेरचा प्रवेश बंद करा, आणि मग ब्राउझरमधून व्हेंडरमधली एखादी फाइल उघडून ४०३ (प्रवेश नाकारला) येतो का ते पाहा.