डॉक्टर व्हायचंय? नंबर लागतो का बघा!

हॉलंडमध्ये मेडिकलच्या जागा कितीतरी वर्षं चक्क लॉटरी काढून वाटल्या जायच्या. मधे सहा वर्षं ते बंद होतं आणि आता परत सुरू करायची मुभा मिळालीय. मुंबईत हे कोणालाही सांगा, पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे म्हाडासारखं?" हो, बरंचसं म्हाडासारखंच. आधी पात्र ठरायचं, मग फॉर्म भरायचा, आणि मग नंबर लागला तर लागला, नाहीतर पुढच्या वर्षी बघू.

मी राहते हॉलंडमधल्या उत्रेख्तला, माहेर परळचं, केईएमपासून चालत दहा मिनिटांवर. २०२५च्या जूनमध्ये आले होते तेव्हा नीटचा, म्हणजे आपल्या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल नुकताच लागलेला आणि ती दिलेल्या बावीस लाखांत आमची भाची पण एक, त्यामुळे घरात दुसरा विषयच नव्हता. डायनिंग टेबलवर मागच्या वर्षीच्या कट-ऑफच्या प्रिंटाउट पसरलेल्या, त्यावर दादानं तीन रंगांच्या हायलायटरनं खुणा केलेल्या. हिरवं म्हणजे मिळेल, पिवळं म्हणजे तिसऱ्या राउंडपर्यंत कदाचित, गुलाबी म्हणजे देवाची कृपा. केईएम, जेजे, नायर, सायन सगळी गुलाबी. कूपर पण गुलाबीच. आणि खरं सांगायचं तर त्या वर्षी त्या प्रिंटाउटचा काडीचा उपयोग नव्हता, त्याचं पुढे सांगते.

तर त्या टेबलावर मी हे लॉटरीचं बोलून गेले आणि वहिनी उखडलीच. "म्हणजे पोरांनी दोन-दोन वर्षं रक्त आटवायचं आणि डॉक्टर कोण होणार ते कॉम्प्युटर ठरवणार? कसला देश गं तुमचा?" त्यावर आतल्या खोलीतून भाचीचा आवाज आला, "मग इथे कोण ठरवतं?"

यावर कोणीच काही बोललं नाही, मग मीच सगळं पहिल्यापासून सांगायला बसले.

तिकडे १९७२ साली कायदा झाला. कारण साधं, शिकायला येणारी मुलं जास्त आणि जागा कमी. आता यातून निवडायचं कसं यावर त्यांच्या संसदेत बरंच वाजलं. एका बाजूचं म्हणणं, ज्याला जास्त मार्क त्याला जागा, विषय संपला. दुसरी बाजू म्हणे की ज्या मुलानं फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, मॅथ्स घेऊन शाळेची शेवटची परीक्षा पास केलीय तो डॉक्टरकी शिकू शकतो, मग थोड्या मार्कांसाठी एकाला आत आणि एकाला बाहेर कशाला, सगळ्यांना सारखा चान्स द्या. शेवटी दोन्हीच्या मधलं काहीतरी काढलं. लॉटरीच, पण मार्क जास्त तर लागण्याची शक्यता जास्त.

तिकडे मार्क दहापैकी असतात. साडेपाचला पास, सात म्हणजे छान, आठ म्हणजे फारच हुशार, आणि नऊवालं पोर मी तरी अजून बघितलेलं नाही. लॉटरी चालू असतानाच्या शेवटच्या काही वर्षांत आठ आणि वरच्यांना थेट प्रवेश होता (तो का, ते पुढे येतंच), बाकीच्यांचा हिशोब असा की साडेसात ते आठवाल्याचा चान्स नऊ धरला तर सात ते साडेसातवाल्याचा सहा, त्याच्या खालच्याचा चार, आणि साडेसहाच्याही खाली असेल त्याचा तीन. म्हणजे जेमतेम पास झालेल्यालासुद्धा दरवाजा बंद नव्हता, फक्त किलकिला होता. हे ऐकून वहिनीनं कपाळाला हात लावला.

गंडलं मात्र एकदा चांगलंच. १९९६ मध्ये एका मुलीला शाळेत सरासरी ९.६ होती, दहापैकी ९.६, आणि तिला तिसऱ्यांदा लॉटरी लागली नाही. देशभर बोंबाबोंब झाली. मग समिती बसली, नियम बदलले, आठ किंवा वर सरासरी असेल तर थेट प्रवेश, आणि थोड्या जागा कॉलेजनं स्वतः मुलं निवडून भरायच्या. ते वाढत वाढत २०१७-१८ पासून लॉटरी पूर्ण बंद आणि सगळ्या जागा सिलेक्शननं. सिलेक्शन म्हणजे एक मार्कांची परीक्षा एवढंच नव्हे हं, प्रत्येक कॉलेजचं आपापलं. कुठे त्यांचंच एक पुस्तक वाचायला देऊन त्यावर टेस्ट, कुठे "तुम्हाला डॉक्टर का व्हायचंय" ते लिहा, कुठे वृद्धाश्रमात काम केलंय का, कुठली जबाबदारी घेतलीय का असलं सगळं.

आणि मग काय झालं असेल? क्लास निघाले! सिलेक्शनची तयारी करून घेणारे, चांगले शेकड्यांनी युरो घेणारे. हे ऐकल्यावर दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला, म्हणे, "हे तर आपलंच झालं की, फक्त लातूर नाय तिथे." शिवाय अभ्यास झाले त्यात दिसलं की ज्यांचे आईबाप स्वतः आरोग्यक्षेत्रात आहेत त्यांची मुलं जास्त निवडली जातात आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या घरातली मुलं मागे पडतात. नवल काय त्यात, ज्याच्या घरी जेवताना हॉस्पिटलच्याच गप्पा चालतात त्याला काय लिहायचं ते आपोआप कळतं. म्हणून मग २०२३-२४ पासून परत कायद्यानं मोकळीक दिली, युनिव्हर्सिटीनं ठरवावं, सिलेक्शन करा, लॉटरी काढा नाहीतर दोन्ही मिसळा.

आता आपल्या नीटकडे या. १८० प्रश्न, ७२० मार्क, दुपारी दोन ते पाच. बरोबरला चार, चुकीला वजा एक, म्हणजे एक गोळा इकडचा तिकडे रंगवला की पाच मार्कांचा फरक. २०२४ मध्ये पहिल्या निकालात ६७ मुलांना ७२० पैकी ७२० मिळाले, त्यावर देशभर गोंधळ, पेपरफुटीचे आरोप, काहींना दिलेले ग्रेस मार्क काढून टाकले, १५६३ मुलांना फेरपरीक्षेचा पर्याय दिला, एका फिजिक्सच्या प्रश्नाचं उत्तर नक्की कुठलं ते थेट सुप्रीम कोर्टात ठरलं आणि शेवटी ते ६७ चे १७ झाले. पुढच्याच वर्षी फिजिक्सनं सगळ्यांना असं काही रडवलं की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६. तर २०२४ ला साडेपाचशे मार्कांना सरकारी कॉलेजात कुत्रं विचारत नव्हतं आणि २०२५ ला त्याच साडेपाचशेवर लोक पेढे वाटत होते. म्हणून म्हटलं की दादाच्या प्रिंटाउटचा उपयोग नव्हता. तुम्ही कुठल्या वर्षी जन्माला आलात यावर जर एवढं ठरत असेल तर त्याला मेरिट म्हणायचं का, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

आणि ऐका, दोघांचे मार्क सारखे आले तर आधी बायोलॉजीचे मार्क बघतात, मग केमिस्ट्री, मग फिजिक्स, मग कोणाची उत्तरं कमी चुकली ते बघतात, आणि एवढं करूनही बरोबरी सुटली नाही तर २०२५च्या माहितीपत्रकात काय लिहिलं होतं माहितीये? तज्ज्ञ समितीच्या देखरेखीखाली रँडम पद्धत. रँडम! म्हणजे लॉटरीच की. वहिनीला मोबाइलवर दाखवलं तर म्हणे ते शेवटी ना, आधी तर मार्क बघतात. बरोबर आहे तिचं. पण डचांचंही तेच म्हणणं, आधी पात्रता बघू, उरलेलं नशिबावर. फक्त ते नशिबाला नशीब म्हणतात आणि आपण त्याला ऑल इंडिया रँक म्हणतो.

यात फरक पडतो तो कुठे, तर न लागलेल्या पोरावर. उत्रेख्तला आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात, पन्नाशीचे, फिजिओथेरपिस्ट. तरुणपणी त्यांना डॉक्टर व्हायचं होतं, लॉटरी लागली नाही, एकदा नव्हे दोनदा. ते हे सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजात काही म्हणजे काही नसतं, "नाही लागली" एवढंच. त्यांच्या मुलीनं सिलेक्शनच्या काळात अर्ज केला. तिकडे १५ जानेवारी ही शेवटची तारीख आणि १५ एप्रिलला सगळ्यांना ऑनलाइन रँक नंबर कळतो. तिचा आला तो जागांच्या कितीतरी पलीकडे. त्या संध्याकाळी ती आमच्या किचनमध्ये येऊन बसली होती, स्वतः लिहिलेला अर्ज मोबाइलवर परत परत वर-खाली करत, यातलं कुठलं वाक्य त्यांना आवडलं नसेल असं मला विचारत होती. मी काय सांगणार? बाप दोनदा हरला पण त्याला कोणी सांगितलं नव्हतं की तू कमी पडलास, आणि पोरीला तो नंबर तेच सांगत होता. जूनमध्ये ती शाळेची परीक्षा पास झाली तेव्हा पद्धतीप्रमाणे त्यांच्या घराबाहेर झेंडा लागला आणि झेंड्याच्या काठीला तिचं जुनं दप्तर लटकवलं. आता बायोमेडिकल शिकतेय, मजेत आहे, पण मेडिकलचा विषय निघाला की अजून गप्प होते.

आमची भाची पहिल्या अटेम्प्टनंतर तशीच झाली होती. हा दुसरा. बारावीला इंटिग्रेटेड कॉलेज, म्हणजे कॉलेज फक्त हजेरीपुरतं आणि दिवसभर क्लास, मग एक वर्ष ड्रॉप. परीक्षेच्या दिवशी फुल बाह्या नकोत, बूट नकोत, दीड वाजता गेट बंद, म्हणून दादानं रविवार असून सकाळी दहालाच टॅक्सी काढली होती. पहिल्या वेळी मार्क कमी आले तेव्हा ती महिनाभर कोणाच्या लग्नाला गेली नाही. एवढ्या गर्दीत, एका जागेला सतरा-अठरा जण असताना, आपलं काही चुकलं असं तिला का वाटावं? पण वाटतंच.

बरं, डचांचं सगळं छान असंही नाही, उलट खरी मेख पुढेच आहे. तिकडे मूल बारा वर्षांचं असताना प्राथमिक शाळेतून बाहेर पडतं आणि तेव्हाच ठरतं की ते कुठल्या प्रकारच्या शाळेत जाणार. शिक्षक शिफारस करतात, एक टेस्ट होते, टेस्टमध्ये जास्त चांगलं केलं तर शिफारस वर सरकते. युनिव्हर्सिटीकडे सरळ जाणारी जी शाळा, व्हीडब्ल्यूओ म्हणतात तिला, त्यात साधारण पाचातलं एक मूल जातं. बाकीची वळसा घालून पोचू शकतात पण वळसा तो वळसाच. म्हणजे ते जे "सगळ्यांना सारखा चान्स" म्हणतात ना, ते आधीच चाळून घेतलेल्या पाचातल्या एकासाठी. आमच्या मुलीच्या वेळी मला स्वतःला त्या सहा महिन्यांत झोप लागत नव्हती, बारा वर्षांचं पोर ते, त्याला धड स्वतःचे मोजे सापडत नाहीत!

दुसरं म्हणजे, लॉटरी हरली तरी काही बिघडत नाही हेही पूर्ण खरं नाही. लॉटरीमुळे अर्थशास्त्रज्ञांना आयतंच घबाड मिळालं, कारण लागलेले आणि न लागलेले यांच्यात दुसरा काही फरकच नाही. त्यांनी दोघांची पुढची कमाई ताडून बघितली तर डॉक्टर झालेले दरवर्षी किमान २० टक्के जास्त कमावतात आणि लॉटरीनंतर बावीस वर्षांनी हा फरक जवळपास ५० टक्क्यांवर जातो. शेजाऱ्यांना मी हे सांगितलेलं नाही. पण तरी तिकडे फिजिओथेरपिस्टचं घर, गाडी, सुट्टीतला फ्रान्स, सगळं नीट चालतं. आपल्याकडे एमबीबीएस नाही तर मग बीएएमएस, नाहीतर बीडीएस, नाहीतर प्रायव्हेटला वर्षाला दहा-पंधरा लाख, ही जी उतरंड आहे ती असताना लॉटरी आणली तर लोक रस्त्यावर येतील. शिवाय लॉटरी खरंच कोणी हात न लावता निघाली यावर आपल्यात कोण विश्वास ठेवणार? म्हाडाच्या सोडतीनंतरसुद्धा "सेटिंग असतं हो" म्हणणारा एक तरी भेटतोच.

आता नेहमीचा प्रश्न, तो याही वेळी शेजारच्या काकांनी विचारलाच, "मग आमच्या नातवाला तिकडे पाठवू का?" काका, मेडिकल तिकडे बहुतेक सगळं डच भाषेतून असतं, त्यासाठी डचची सरकारी परीक्षा वरच्या लेव्हलची पास व्हावी लागते, कोर्स सहा वर्षांचा, युरोपबाहेरच्यांना फी तिथल्या मुलांपेक्षा कितीतरी पट, आणि हे सगळं करून परत सिलेक्शन नाहीतर लॉटरी आहेच. आणि नातवाला पुढे भारतात येऊन प्रॅक्टिस करायची असेल तर परदेशात शिकून आलेल्यांची वेगळी स्क्रीनिंग परीक्षा द्यावी लागते, आणि बाहेर शिकायला जायच्या आधी, २०१८ पासून, नीट क्वालिफाय असणं सक्तीचं आहे. काका म्हणाले, "म्हणजे नीट द्यायचीच?" द्यायचीच.