नावे ठेवता, मग कपाटात का ठेवता?

माझ्याकडे येणारे कॉमिक्सप्रेमी कपाटातले 'बॅटमॅन : हश' पाहिले, की हमखास विचारतात : या कथेला तुम्ही एवढी नावे ठेवता, मग पुस्तक घरात कशाला? तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो.

२००२-०३ मध्ये 'बॅटमॅन'च्या ६०८ ते ६१९ या बारा अंकांतून आलेली ही कथा जेफ लोब यांनी लिहिली आणि जिम ली यांनी चितारली. पेन्सिलच्या रेषांवरचे शाईकाम स्कॉट विल्यम्स यांचे, रंग ॲलेक्स सिंक्लेअर यांचे. ली यांच्या रेषेबद्दल माझी तक्रार नाही. ब्रूस वेनच्या, म्हणजे मुखवट्यामागच्या बॅटमॅनच्या, बालपणीच्या आठवणी त्यांनी जलरंगाच्या पुसट छटांत रंगवल्या आहेत, आणि एरवीच्या टोकदार, रेषांनी गच्च भरलेल्या पानांतून तिथे पोहोचले, की वाचणाऱ्याचा सूरच खाली येतो.

दुखणे आहे ते रहस्यात. ज्याचे नाव आजवर कधी कानावर आले नव्हते, असा टॉमी इलियट नावाचा शल्यविशारद बालमित्र सुरुवातीच्या अंकांतच अवतरतो, आणि त्याच सुमारास चेहऱ्यावर पट्ट्या गुंडाळलेला एक अनोळखी शत्रूही वावरू लागतो. रहस्यकथा वाचणाऱ्या कोणाचाही संशय आणखी कोणावर जाणार? मधल्या अंकांत किलर क्रॉक, पॉयझन आयव्ही, सुपरमॅन, जोकर, रा'स अल गूल अशी नामांकित पात्रांची रीघ लागते. ही मंडळी कथेला हवी होती म्हणून येतात, की ली यांच्या हातून एकदा उतरावीत म्हणून, हे मला अजून ठरवता आलेले नाही. (दुसरे कारण असेल, तर त्यालाही माझी फारशी हरकत नाही.) अखेरीस कटामागचा सूत्रधार म्हणून कोडी घालणारा जुना खलनायक रिडलर निघतो आणि त्याने काय केले, कसे केले, हे शेवटच्या अंकात संवादांतून समजावून द्यावे लागते.

तरीही 'चित्रे उत्तम, कथा कच्ची' असा निवाडा मला पुरेसा वाटत नाही, कारण कॉमिकमध्ये एका चौकटीतून दुसरीत जाणे हेच मुळी कथन असते. १९८७ च्या 'बॅटमॅन : इयर वन'मध्ये डेव्हिड मॅझुकेली मोजक्या रेषांत काम भागवतात, त्यांच्या चौकटी नजरेला अडवत नाहीत, पुढे ढकलतात, आणि पोलीस अधिकारी गॉर्डनचा एकटेपणा शब्दांआधी त्याच्या उभे राहण्यातूनच कळतो. ली यांचे पान नजर धरून ठेवते. भित्तिचित्राचा तो गुणच, पण बारा अंक चालणाऱ्या रहस्याला तो जड जातो, आणि त्या दोषाचा काही वाटा चित्रकाराच्या पदरातही पडतो.

त्यामुळे हे पुस्तक मी वाचत नाही, पाहतो : मधूनच उघडतो, आठवणींची पाने काढतो, चार-सहा मिनिटांत मिटतो. २०११ मध्ये ली यांची शाई न चढवलेली पेन्सिल रेखाटने दाखवणारी आवृत्तीही निघाली. तीच आधी घेतली असती, तर हा प्रश्न मला कोणी विचारला नसता.