सतराव्या वर्षी शिडाच्या जहाजातून अटलांटिक पार

समुद्रप्रवास आणि शीड म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर एकटा माणूस येतो. ते साहजिकच आहे. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे २०१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून मुंबईत परतले. लॉरा डेकर या डच मुलीनं तर २०१२ मध्ये सोळाव्या वर्षीच ती केली. मी मात्र तीन डोलकाठ्यांच्या मोठ्या जहाजातून, चाळीसएक जणांबरोबर गेले. बहुतेक जण माझ्याच वयाचे, निम्म्यांनी आधी कधी शीड ओढलेलंही नव्हतं. वाढत्या वयात जायचं तर असंच जावं, हे माझं ठाम मत आहे. का, ते पुढे येईलच.

वाट जुनीच, कोलंबसाच्या काळापासूनची. कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून नैर्ऋत्येला केप वर्द या आफ्रिकेजवळच्या बेटांवरचं मिंडेलो बंदर, साधारण ८५० सागरी मैल. तिथून पश्चिमेला कॅरिबियन, आणखी २१०० च्या आसपास. ईशान्येचे व्यापारी वारे पाठीशी असतात. तिकडचा वादळांचा मोसम ३० नोव्हेंबरला संपतो, म्हणून जहाजं नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरात निघतात. वारा मागून म्हणजे प्रवास आरामाचा, असं मात्र समजू नका. जहाज दिवसरात्र डावी-उजवीकडे डुलत राहतं. ताट धरून जेवावं लागतं आणि झोपेतही अंग आवळलेलं राहतं.

पहिले दोन-तीन दिवस पोट ढवळणारच. गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि घरी एकदा घेऊन बघा, काहींनी फार गुंगी येते. गोळी उलटी सुरू होण्याआधी घ्यायची असते, नंतर तिचा उपयोग नाही. खाली पडून राहू नका. वर या, क्षितिजाकडे बघा, जमलं तर सुकाणूचं चाक मागून घ्या. मला आलेपाक आणि मेतकूट-भातानं तारलं. मेतकुटाची पिशवी आईनं बळेच दिली होती. शाकाहारी असाल तर अर्ज करतानाच सांगा. मिंडेलोनंतर ताजी भाजी म्हणजे कोबी, कांदे, बटाटे.

आता वॉचबद्दल, म्हणजे जहाजावरच्या कामाच्या पाळीबद्दल. चार तास काम, आठ तास सुट्टी, हे चक्र शेवटपर्यंत थांबत नाही. आमचा वॉच बारा ते चारचा, दुपारी आणि मध्यरात्री. कामं आळीपाळीनं: कोणी चाकावर, कोणी पुढे टेहळणीला, कोणी तासातासाला जहाजभर फिरून कुठे पाणी शिरलंय का, जळका वास येतोय का ते बघायचं. वॉच संपायच्या पाव तास आधी एकजण पुढच्यांना उठवायला खाली जातो. त्याची रीत ठरलेली आहे. बंकच्या पडद्याशी उभं राहून हळू नाव घ्यायचं. किती वाजले, वर पाऊस आहे का, जॅकेट लागेल का, ते सांगायचं. समोरच्यानं पाय खाली सोडल्याशिवाय हलायचं नाही.

घरी आईला मला शाळेसाठी चार हाका माराव्या लागत. तिथे मी पहिल्या हाकेला उठू लागले. कोणी रागावेल म्हणून नव्हे. बाराला चाकावर मी ज्याला सोडवायची तो ब्रेमेनचा मुलगा थकून उभा असायचा, आणि मला उशीर झाला की तेवढी मिनिटं त्याच्या झोपेतून जायची. आपलं उठणं दुसऱ्याच्या झोपेशी बांधलेलं आहे, हे मला तोवर कुणी इतकं सरळ दाखवलं नव्हतं. एकट्याच्या सफरीत हे नसतं, म्हणून वरचं मत.

मिंडेलो ते कॅरिबियन घड्याळ तीनदा एकेक तास मागे जातं. तो जास्तीचा तास कुणाच्या वाट्याला? कप्तानानं निर्णय आम्हा मुलांवर सोडला. जेवणाच्या टेबलावर चांगली खडाजंगी झाली. शेवटी दर वेळी तिन्ही वॉचनी वीस-वीस मिनिटं जास्त काम करायचं ठरलं. हे सुचवलं ते आमच्यातल्या सर्वांत अबोल मुलीनं. त्यानंतर टेबलावर कोण बोललेलं नाही, हे मी बघायला लागले. अजून बघते.

डोलकाठीवर चढताना हातांनी उभ्या तारा धरायच्या, आडव्या दोऱ्यांवर फक्त पाय. आडवी दोरी तुटू शकते, उभी तार सहसा नाही. वर पोहोचलात की आधी हार्नेसचा हूक अडकवा, मग देखावा बघा. चढायची सक्ती नसते, ‘नको’ म्हणणाऱ्याला कोणी हसत नाही.

एक गोष्ट आपल्या लोकांसाठी खास. जहाज सोळा अंश उत्तरेला आलं की आकाश ओळखीचं होतं. ध्रुव पुण्यातून दिसतो त्याहून थोडाच खाली, मृग जवळजवळ डोक्यावर. मध्यरात्रीनंतर दक्षिणेला अगस्ती, जो नेदरलँड्समधल्या आमच्या डेल्फ्टमधून कधीच दिसत नाही. लहानपणी सासवडच्या माळावर बाबांनी दाखवला होता. त्या रात्री तो मी टेहळणीवरच्या दोघांना दाखवला.

सामान कमी न्या. जीन्स नको, खारं पाणी बसलं की वाळत नाही. लाल उजेडाची डोक्याला लावायची बॅटरी, दोरी असलेली टोपी, चष्म्याला पट्टा आणि एक जादा चष्मा, पुढून बंद बूट. वहीत पेन्सिलीनं लिहा, शाई पसरते. मुलींनी पाळीचं सामान पूर्ण प्रवासाचं न्यावं, आणि ते जहाजाच्या संडासात कधीही टाकू नये. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की मध्ये फोन येणार नाही.

एकदम अटलांटिक नको वाटत असेल तर युरोपातल्या टॉल शिप्स रेसेस, म्हणजे शिडाच्या मोठ्या जहाजांच्या शर्यती, बघा. तिथल्या जहाजांवर निम्मे तरी खलाशी १५ ते २५ वयाचे असावे लागतात, अनुभवाची अट नसते. भारतात एनसीसीच्या नौदल विभागात शिडाची होडी हाताळायला मिळते, सुरुवातीला तेवढं पुरे.

भारतीय पासपोर्ट असेल तर प्रत्येक बंदराचा व्हिसा स्वतंत्र तपासा. कॅरिबियनमधलं मार्टिनिक बेट फ्रान्सचं असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्रात, येत नाही. आणि परतीचं विमान पोहोचायच्या तारखेला चिकटून घेऊ नका. वारा पडला तर जहाजाला तीन-चार दिवस सहज जास्त लागतात, तेव्हा तारीख बदलता येईल असंच तिकीट काढा.