सातवी ‘अ’ आणि मतदान केंद्र

बरोबरीच्या सगळ्यांनी शाळा सोडली, मला काही ती सोडता आली नाही. लग्न होऊनही मी याच भागात राहिले, त्यामुळे दर निवडणुकीला मतदार चिठ्ठीवर आपल्याच शाळेचं नाव येतं आणि बहुतेक वेळा खोलीही सातवी ‘अ’चीच असते. बाक एका भिंतीला रचलेले, फळा कोरा, बाईंच्या टेबलाच्या जागी पुठ्ठ्याचा आडोसा. रांगेत उभं राहिलं की अजूनही हात आपोआप ओढणी नीट करायला जातो, कारण या दारात आत जाण्याआधी गणवेश तपासला जायचा.

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेत शिक्षणाबद्दल काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा मला हीच खोली आठवली. आपली शाळा आणि आपल्या देशातलं मतदान जवळपास एका वयाचे आहेत.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. आपलं इंदूर तेव्हा मध्य भारत राज्यात होतं. मतदार यादी करणारे कारकून घरोघर फिरले, तेव्हा कित्येक बायका परक्या पुरुषाला स्वतःचं नाव सांगेनात. मग ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशा नोंदी झाल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असं बजावलं आणि स्वतःचं नाव न सांगणाऱ्या सुमारे २८ लाख बायका यादीतून गळल्या. त्यांतल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि आपल्या मध्य भारतातल्या. माझी आजी त्यांतलीच एक. ती ही गोष्ट हसत सांगायची: “तुझे आजोबा मत देऊन आले, बोटाची शाई दाखवत बसले, आणि मी त्यांना पोळी वाढत होते.” पुढे आपल्या शाळेत दुपारी बायकांचा वर्ग भरायचा, त्यात ती सही करायला शिकली. १९५७ ला तिचं नाव यादीत होतं. सासरचं होतं, पण होतं.

मला सेन यांचा हट्ट आधी निष्ठुर वाटायचा. आता वाटत नाही. नाव लावायला नकार देणाऱ्या बाईला त्यांनी पुढच्या खेपेला नाव लावायला भाग पाडलं. बिगरीच्या वर्गात बाई हजेरी घेताना ‘मोठ्याने बोल’ म्हणायच्या, त्यापेक्षा हे फार वेगळं नाही.

आता सरांविषयी. नागरिकशास्त्र शिकवायचे. छापील कागदावर स्वतःचं नाव आलेलं त्यांना आवडत नसे, म्हणून इथेही नुसतं सरच म्हणते. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. ‘सुविचार’ या प्रकाराचा त्यांना मनस्वी कंटाळा. फळ्याच्या कोपऱ्यात कोणी सुविचार लिहिला की ते तो पुसत आणि तिथे त्या दिवसाचा खडूचा हिशेब लिहीत: इतके आणले, इतके उरले. मूल्यशिक्षण म्हणून वेगळा तास आम्हाला नव्हता. खडूचा हिशेब होता.

१९८५ च्या विधानसभा निवडणुकीत त्यांना महू तहसिलीतल्या एका खेड्यात पीठासीन अधिकारी, म्हणजे मतदान केंद्राचा प्रमुख, म्हणून पाठवलं होतं. परत आल्यावर नववीच्या आमच्या वर्गात त्यांनी धडा बाजूला ठेवला आणि नेहरू स्टेडियमपासून गोष्ट सुरू केली. लोखंडी मतपेट्या, लाख, पितळी मोहोर, मतपत्रिकांचे गठ्ठे हे सगळं मोजून घ्यायचं, एक कागद कमी निघाला तर सही करायची नाही. मग ट्रकमध्ये पेटीवर बसून गाव गाठायचं. रात्री मुक्काम तिथल्याच शाळेत.

दुपारी एक म्हातारी आली. यादीत नाव सापडलं, पण तिच्या नावापुढे आधीच खूण झालेली. सकाळीच तिच्या नावावर कोणीतरी मत टाकून गेलं होतं. तिचं बोट कोरं होतं. सरांनी तिला गावाबद्दल, घरच्यांबद्दल चार प्रश्न विचारले, उत्तरं बरोबर आली. उमेदवारांचे एजंट लोक म्हणाले, “जाने दो मास्साब, डोकरी को क्या समझेगा.” पण नियमात अशा माणसासाठी सोय आहे. त्याला प्रदत्त मत म्हणतात. मतपत्रिकेच्या मागे तसा शेरा मारून ती द्यायची, माणसाने खूण केली की पेटीत न टाकता वेगळ्या पाकिटात ठेवायची, वेगळ्या यादीत नोंद करून सही किंवा अंगठा घ्यायचा. बाहेरची रांग ओरडत होती. सरांनी सगळं केलं. म्हातारीने आडोशामागे जाऊन शिक्का मारला, घडी घालून आणून दिली आणि तिची पत्रिका इतरांसारखी पेटीत का जात नाही, म्हणून विचारलं.

आमच्यातल्याही कोणीतरी तेच विचारलं. सर म्हणाले, “मोजणीत ते मत धरत नाहीत. निवडणुकीचा दावा कोर्टात गेला आणि कोर्टाने सांगितलं, तरच ते पाकीट उघडतात.”

“मग सर, उपयोग काय?”

“फॉर्म आहे ना तसा. फॉर्म असताना कोरा कसा ठेवायचा?”

वर्ग हसला. तेही थोडे हसले आणि धडा पुढे सुरू झाला. त्यांनी तात्पर्य सांगितलं नाही. मी पुढे बँकेत लागले आणि वीस-पंचवीस वर्षं फॉर्म भरण्यात घालवली, तेव्हा ते उत्तर हळूहळू उलगडलं. खोटं मत पडलं हे त्या गावात सगळ्यांना माहीत होतं. कागदावर ते फक्त सरांमुळे आलं. अन्याय झाला की त्याची निदान नोंद व्हावी, एवढ्यासाठी एक माणूस उन्हात ओरडणाऱ्या रांगेला थांबवून ठेवतो, हे मला तरी देशाच्या प्रगतीच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त सांगून जातं.

त्याच वर्षी आमच्या वर्गात मॉनिटरची निवडणूक झाली. चिठ्ठ्या निघाल्या त्या पटापेक्षा दोन जास्त. सरांनी चोर शोधला नाही. चिठ्ठ्या फाडल्या आणि महिनाभर मॉनिटरच नेमला नाही. फळा स्वतः पुसला. जिंकला असता तो मुलगा अजून ते विसरलेला नाही. आता तो आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे, त्यामुळे जपून लिहिते.

पण त्या ग्रुपबद्दल लिहायलाच हवं. दर निवडणुकीच्या आसपास तिथे एक संदेश फिरतो: मताचा हक्क फक्त शिकलेल्यांना असावा, अडाण्यांमुळे देश मागे राहिला. त्यावर आपल्याच शाळेतले डॉक्टर, इंजिनियर, अमेरिकेतले आणि पुण्यातले अंगठे वर करतात. अंगठाबहाद्दर कोणाला म्हणायचं, हा प्रश्न मला तेव्हा पडतो.

हा वाद नवा नाही आणि त्याचं उत्तर आपल्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर महूला जन्मलेल्या माणसाने स्वातंत्र्याआधीच देऊन ठेवलं आहे. सायमन कमिशनच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी प्रौढ मताधिकार मागितला, तेव्हा साक्षरतेची अट त्यांनी साफ नाकारली. निरक्षर माणूस बुद्धिहीन असतो हे गृहीतच चूक, आणि ज्यांना शिकू दिलं नाही त्यांच्यावर न शिकल्याचा ठपका ठेवून मत नाकारायचं हा दुहेरी अन्याय, असा त्यांचा रोख होता. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. ती अट लावली असती तर पहिल्या निवडणुकीत देशातल्या पाच माणसांपैकी चार बाहेर बसले असते, माझी आजी तर नक्कीच.

राज्यघटनेने मत ताबडतोब दिलं. शिक्षणाचं मात्र कलम ४५ मध्ये लिहून ठेवलं की चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण दहा वर्षांत देण्याचा राज्य प्रयत्न करील. म्हणजे १९६० पर्यंत. शिक्षण हा मूलभूत हक्क व्हायला २००२ ची घटनादुरुस्ती लागली आणि त्याचा कायदा प्रत्यक्ष लागू झाला १ एप्रिल २०१० ला. मतदाराने आपली बाजू वेळेवर पार पाडली, पन्नास वर्षं उशीर शिकलेल्यांनी केला. फायली त्यांच्याच टेबलांवर होत्या.

तरीही २०१५ साली हरियाणाने पंचायतीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. राजस्थाननेही अशी अट आणली होती, ती २०१९ मध्ये काढून टाकली. लोकसभेला उभं राहायला शिक्षणाची अट नाही, गावच्या पंचाला मात्र आहे, हे गणित मला आजवर सुटलेलं नाही.

मी जे पाहिलं ते याच्या उलट होतं. १९९७ च्या सुमाराला मी धार जिल्ह्यात कुक्षीकडच्या एका शाखेत होते. मध्य प्रदेशात त्याच वर्षी शिक्षण हमी योजना सुरू झाली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि आदिवासी वस्तीत शिकण्याच्या वयाची २५ मुलं असतील, तर वस्तीने मागणी करायची. सरकारने ९० दिवसांत शाळा द्यायची. मुलांची यादी, खाली आईबापांचे अंगठे. पैसे काढायच्या पावतीवर अंगठा द्यायला आलेली भिलाला बाई मला तोच कागद दाखवायची आणि विचारायची, “मैडम, बराबर लिखा है?” त्या अंगठ्यांनी हजारो शाळा उघडल्या. गुरुजींना मानधन तुटपुंजं, बऱ्याच शाळा झोपडीत, शिकवणं कसं होतं हा वेगळा प्रश्न, आणि या योजनेवर झालेली टीका बरीचशी खरी होती. पण १९९१ ते २००१ या दहा वर्षांत राज्याची साक्षरता सुमारे ४५ टक्क्यांवरून ६४ च्या जवळ गेली, त्यात या मागणीचा वाटा आहे. त्याच काळात पंचायतीच्या निवडणुका सुरू झाल्या होत्या आणि एक तृतीयांश जागांवर बायका बसल्या होत्या. आधी मत आलं, मग शाळा आली. आमच्या ग्रुपवर हे मी दोनदा लिहिलं. उत्तरादाखल हात जोडलेल्या बाहुल्या आल्या.

शिकलेल्यांचं इंदूर मात्र काय करतं? माझं पहिलं मत १९८९ च्या लोकसभेचं. मतदानाचं वय नुकतंच २१ वरून १८ वर आलं होतं, नाहीतर माझा नंबर लागलाच नसता. त्या निवडणुकीत सुमित्राताई महाजन पहिल्यांदा निवडून आल्या, माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठींना हरवून, आणि पुढे २०१४ पर्यंत लागोपाठ आठ वेळा. मराठी गल्ल्यांत आनंद होता. मी कोणाला मत दिलं ते सरांनी कधी विचारलं नाही, म्हणून इथेही सांगत नाही.

मग २०२४ ची लोकसभा. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, २९ एप्रिलला, प्रमुख विरोधी पक्षाच्या उमेदवाराने माघार घेतली. १३ मे रोजी मतदान झालं आणि मोजणीत ‘नोटा’ला, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या बटणाला, २,१८,६७४ मतं पडली. एवढी मतं नोटाला देशात त्याआधी कुठल्याच मतदारसंघात पडली नव्हती. जिंकणाऱ्याचं मताधिक्य अकरा लाखांच्या वर, दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारापेक्षा नोटालाच जास्त मतं. यंत्रावरचं हे बटण २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे आलं. पण त्याला सगळ्यात जास्त मतं मिळाली तरी निवडून उमेदवारच येतो. शहरभर यावर चर्चा झाली. वाया गेलेली मतं, असं बरेच म्हणाले. मला ते प्रदत्त मताचं पाकीट दिसलं. दोन लाखांहून जास्त माणसं मे महिन्याच्या उन्हात रांगेत उभी राहिली आणि आपली नाराजी कागदोपत्री लावून गेली. त्यांतल्या कितींनी मनापासून केलं आणि कितींनी उमेदवार गमावलेल्या पक्षाने सांगितलं म्हणून, हे कोण सांगणार.

मला टोचलं ते दुसरंच. छप्पन दुकान या आपल्या खाऊगल्लीत त्या दिवशी सकाळी लवकर मत देणाऱ्याला बोटाची शाई दाखवून पोहे-जलेबी फुकट होती. हेतू चांगला, पोहेही चांगले. पण स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं शहर मतदानाला जायला पोह्याची प्लेट मागतं? आणि ती ठेवूनही मतदानाचा टक्का २०१९ पेक्षा खाली आला. माझ्या सोसायटीतून खाली उतरलेले थोडेच होते. कामवाल्या मावशी मात्र सात वाजता मत देऊन मग भांड्यांना आल्या.

आता एक कामाची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मी लिहायला बसले. २०२२ पासून सतरा पूर्ण झालेल्या मुलांना मतदार नोंदणीचा अर्ज आगाऊ भरता येतो आणि वर्षातून चार तारखांना, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या १ तारखेला, वय मोजलं जातं. अकरावी-बारावीच्या मुलांचे अर्ज क्रमांक ६ शाळेतच भरून घेता येतील. जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा आणि फोटो सोबत आणावा. मुख्याध्यापकांनी होकार दिला आहे. शनिवारी दुपारी सातवी ‘अ’ची खोली मोकळी असते, आमच्या तुकडीतले पाच-सहा जण बसायला तयार आहेत, आणि ग्रुपच्या ॲडमिनने झेरॉक्सचा खर्च स्वतःकडे घेतला आहे. आणखी दोघं-तिघं आले तर मुलांना रांगेत थांबावं लागणार नाही. नावं कार्यालयात द्यावीत.