बोस्टनच्या बंदरात कंपनीचा चहा

न्यूजर्सीहून बोस्टनला जायला मेव्हण्याने नेमका लाँग वीकेंड निवडला, त्यामुळे निम्मा दिवस हायवेवर आणि उरलेला पार्किंग शोधण्यात गेला. त्या पार्किंगच्या पैशात आम्ही पुण्याहून कोल्हापूरला जाऊन तांबडा-पांढरा ओरपून आलो असतो. हार्वर्डला त्या पुतळ्याच्या बुटाला हात लावून फोटो काढले, संपलं.

फ्रीडम ट्रेल म्हणजे फुटपाथवर ओढलेली लाल रेघ, बऱ्याच ठिकाणी विटांची, अडीच मैल तिच्यावरून चालत राहायचं. ओल्ड स्टेट हाउससमोर दगडांचं एक वर्तुळ आहे, ५ मार्च १७७० ला इथेच ब्रिटिश शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या, पाच माणसं गेली. आणि त्या शिपायांचं वकीलपत्र घेतलं कोणी, तर जॉन अ‍ॅडम्सने, जो पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला! आठातले सहा निर्दोष, दोघांच्या अंगठ्यावर डाग देऊन सोडून दिलं. लोक वर्तुळात उभे राहून सेल्फी काढत होते, आम्ही पण काढला.

मग बंदरावर. तिथे जुन्या पद्धतीचं जहाज उभं केलंय, अंगरखा-टोपी घातलेला गाईड ओरडून ओरडून १६ डिसेंबर १७७३ ची रात्र सांगतो, म्हणजे बोस्टन टी पार्टी, इंग्रजांच्या करावर चिडलेल्या बोस्टनकरांनी ईस्ट इंडिया कंपनीचा चहा समुद्रात फेकला ती. तीन जहाजं, ३४० च्या वर पेट्या, ४० टनांहून जास्त चहा पाण्यात. पब्लिकने एकेक पेटी उचलून बंदरात फेकायची. भाचीने दात-ओठ खाऊन फेकली, आणि मग दोरीने परत वर ओढून घेतली, कारण मागे पुढचा माणूस उभा! एका पेटीवर दिवसभर क्रांती. मी पण फेकली, खोटं कशाला बोलू, मस्त वाटतं.

पण गाईड दर दोन वाक्यांनी "ईस्ट इंडिया कंपनी, ईस्ट इंडिया कंपनी" करायला लागला तसं माझं डोकं फिरायला लागलं. अरे ती आमची कंपनी सरकार! चहा चीनचा होता आणि कंपनीला थेट अमेरिकेत चहा विकू देणाऱ्या ब्रिटिश कायद्यानंतर, म्हणजे टी अ‍ॅक्टनंतर उलट स्वस्तच पडणार होता, पौंडामागे तीन पेन्सचा कर धरूनसुद्धा. भांडण कर लावायचा हक्क कोणाचा याचं होतं, आणि धंदा बुडणाऱ्या व्यापाऱ्यांचं आणि स्मगलरांचं पण, हे त्याने सांगितलं, छान सांगितलं. पण लंडनच्या सरकारवर असा कायदा करून कंपनीला हात द्यायची वेळ का आली? बंगाल लुटून झाला, १७७० च्या दुष्काळात लाखो माणसं मेली, लढायांचा खर्च वाढत गेला, वर गोदामांत चहाचे ढीग पडून. बंगालबद्दल एक अक्षर नाही. आणि गंमत म्हणजे तेव्हाच्या अमेरिकनांना हे माहीत होतं, तिथल्याच जॉन डिकिन्सन नावाच्या वकील-लेखकाने १७७३ मध्येच लिहून ठेवलंय की या कंपनीने आशियात काय केलं ते बघा, आता ती आपल्याकडे वळलीय.

बाहेर येऊन चहा घेतला. कोमट पाण्यात बुडवलेली पिशवी. चहाशी या गावाचं जुनं वैर आहे ते अजून मिटलेलं दिसत नाही.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, सुट्टीत तरी इतिहास सोडा." सोडतो कुठला! त्याच १७७३ च्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झालेला. गादीसाठी राघोबादादा इंग्रजांच्या दारात गेले, मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह करून साष्टी-वसई द्यायला तयार, आणि पुढच्याच महिन्यात १९ एप्रिलला इकडे बोस्टनजवळच्या लेक्सिंग्टनला शेतकरी बंदुका घेऊन त्याच इंग्रजांसमोर उभे. दीड महिन्याचा फरक आहे हो!

"पण शेवटी हरले ना इंग्रज?" भाचीने विचारलं. हरले, यॉर्कटाउनला, १७८१ मध्ये. आणि तिथे हरलेला सेनापती कॉर्नवॉलिस, त्याला पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल करून आपल्याकडे पाठवलं. १७९२ मध्ये टिपूला नमवताना कॉर्नवॉलिसच्या बाजूने हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन मराठ्यांची फौज घेऊन हजर होते, हे सांगितल्यावर मात्र मेव्हण्याने रेडिओ लावला.