चिकटपट्टीखालचा जॅझ

माझे वडील भुसावळच्या रेल्वेत कारकून होते आणि क्लॅरिनेट वाजवत. रेल्वेच्या गावांत पूर्वी अँग्लो-इंडियन आणि गोवेकर कुटुंबांची वस्ती असे, त्यांच्या इन्स्टिट्यूटमध्ये नाचाचे कार्यक्रम होत, आणि तिथे वाजवायला येणाऱ्या एका गोवेकर वादकाच्या मागे लागून वडील नोटेशन वाचायला शिकले. लग्नसराईत ते गावातल्या बँडमध्येही उभे राहत. पण घरी एकटे असले की जे वाजवत, ते वरातीचे नसे. त्याला जॅझ म्हणतात, हे आम्हा भावंडांना फार उशिरा कळले. १९७८ साली मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात निरंजन झवेरींनी पहिली ‘जॅझ यात्रा’ भरवली आणि तिथे अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स येऊन वाजवून गेले, तेव्हा वडिलांना रजा मिळाली नव्हती. भुसावळहून मुंबई सुमारे ४४० किलोमीटर, तीही रेल्वे कर्मचाऱ्याला पासावर; तरी ते गेले नाहीत, याचे दुःख त्यांनी शेवटपर्यंत बाळगले.

म्हणूनच पुढे एका रात्री टीव्हीवर जॅझच्या मैफलीचा कार्यक्रम लागला, तेव्हा त्यांनी आधीच शेजारच्या व्हिडिओ लायब्ररीवाल्या आप्पांना गाठून तो कॅसेटवर उतरवून घेतला. त्यात एक क्लॅरिनेटवादक होता आणि त्याच्या शेजारी तबला होता, एवढेच मला आठवत होते. वडील गेल्यावर, आणि माझीही नोकरी संपल्यावर, मी ती मैफल शोधायला लागलो.

माझी सुरुवातच चुकली. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा मला ठाऊक होता, म्हणून १० रुपयांचे शुल्क भरून मी एका कार्यालयाकडे अर्ज टाकला आणि ‘१९८० ते १९९० या काळात प्रसारित झालेल्या जॅझच्या सर्व कार्यक्रमांची यादी’ मागितली. उत्तर ३० दिवसांच्या आत आले आणि सभ्य भाषेत आले : अशी यादी स्वतंत्रपणे ठेवलेली नाही. मी चार दिवस चरफडलो. नंतर लक्षात आले, की कार्यालय नोंदीत जे आहे तेच देऊ शकते, आणि माझ्याकडे ना कार्यक्रमाचे नाव होते, ना तारीख, ना कलाकाराचे नाव. नाव-गाव माहीत नसलेल्या माणसाचा पत्ता विचारण्यातला हा प्रकार होता.

त्या काळात मी टीव्हीच्या हरवलेल्या कार्यक्रमांविषयी बरेच वाचले, आणि सगळ्या जगाची हीच तऱ्हा असल्याचे पाहून थोडे हलके वाटले. ध्वनिचित्रफीत महाग होती, पुन्हा वापरता येत होती, आणि एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा कोणी पाहील असे फारसे कोणाला वाटत नव्हते. बीबीसीने आपल्या १९६० च्या दशकातल्या कितीतरी फिती अशाच पुसून नव्याने वापरल्या. त्यांच्या दुसऱ्या वाहिनीवर १९६४ पासून ‘जॅझ ६२५’ नावाची मालिका चाले; ते ६२५ म्हणजे नव्या प्रक्षेपणातल्या चित्राच्या आडव्या रेषा, ज्या पुढे आपल्याकडच्या टीव्हीतही तेवढ्याच होत्या. अमेरिकेत सीबीएसने ८ डिसेंबर १९५७ रोजी गायिका बिली हॉलिडे आणि सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांना एकाच कार्यक्रमात थेट दाखवले. तो कार्यक्रम आज पाहता येतो, कारण पडद्यासमोर सिनेमाचा कॅमेरा लावून त्याची फिल्म काढलेली होती. फिल्म पुसता येत नाही. जे पुसता येत नव्हते ते पुष्कळदा टिकले, आणि जे सोयीचे होते ते गेले. काही कार्यक्रमांचा नुसता आवाज उरला आहे, आणि तोही घरात टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून बसलेल्या प्रेक्षकांमुळे. हे वाचताना मी त्या पुसणाऱ्यांना मनातल्या मनात पुष्कळ बोल लावले, हे इथे नमूद करून ठेवतो.

मग मी कार्यालयांचा नाद सोडून माणसांकडे वळलो. भुसावळ, जळगाव, यावल, अमळनेर इथल्या जुन्या व्हिडिओ लायब्ररीवाल्यांना भेटलो. बहुतेकांची आता मोबाईलची दुकाने आहेत. आप्पा थकले आहेत, पण त्यांची स्मरणशक्ती शाबूत आहे. ते म्हणाले, “भाऊ, माझ्या कॅसेटी तर केव्हाच भंगारात गेल्या. पण मास्टरनं ती माझ्याकडे ठेवलीच नव्हती. खिट्टी मोडून घरी घेऊन गेला तो.” वडिलांना बँडमधले लोक ‘मास्टर’ म्हणत.

व्हीएचएस कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची एक लहान खिट्टी असते. ती मोडून टाकली की यंत्र त्या कॅसेटवर नवे काही उतरवू देत नाही. मोडलेल्या खाचेवर चिकटपट्टी लावली, की मात्र यंत्र फसते. आप्पांच्या अंगणात बसून ‘खिट्टी’ हा शब्द ऐकताच मला दुसरे काही विचारायची गरज उरली नाही. १९८९ च्या मे महिन्यात ताईचे लग्न होते, शूटिंगवाल्याला कॅसेट कमी पडली, लग्नसराईमुळे गावात कोरी कॅसेट मिळेना, आणि घरातली एक कॅसेट उचलून, तिच्या खाचेवर चिकटपट्टी लावून ती त्याच्या हातात देणारा मुलगा मी होतो.

ताई फैजपूरला असते. फोनवर ती म्हणाली, “अरे, लग्नाची कॅसेट आहे ती. तिच्यात तुला कसला जॅझ सापडणार?” तरीही तिने ती माळ्यावरून काढून ठेवली. लेबलावर माझ्याच अक्षरात ‘लग्न – २’ असे लिहिलेले होते, आणि पट्टी पिवळी पडून जागेवरच होती.

कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसत होती. आमच्याकडचा उन्हाळा ४५ अंशांचा आणि कोरडा असला तरी पावसाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर बुरशी धरतेच. अशी कॅसेट थेट यंत्रात घालणे हा शुद्ध अविचार असतो, कारण बुरशी यंत्राच्या फीत वाचणाऱ्या हेडवर जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर. कोणीतरी मला फीत भट्टीत भाजण्याचा सल्ला दिला होता. तो उपाय खरा आहे, पण वेगळ्या दुखण्यावरचा : १९७० आणि ८० च्या दशकांतल्या काही फितींतला चिकट थर ओल शोषून पाझरू लागतो, त्यांच्यासाठी. बुरशीला त्याचा उपयोग नाही, आणि भट्टीच हवी असती तर मे महिन्यातली आमची गच्ची पुरली असती.

जळगावात लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या एका गृहस्थांनी आपला व्हीसीआर अजून चालू ठेवला आहे. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवल्यापासून नवे यंत्र मिळत नाही, म्हणून ते त्याला देव्हाऱ्यासारखे जपतात. त्यांनी कॅसेटचे पाच स्क्रू काढून दोन्ही चकत्या दुसऱ्या स्वच्छ डबीत बसवल्या, आणि आम्ही दोघांनी मिळून अर्धा इंच रुंदीची ती फीत हाताने पुढे सरकवत, शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या मऊ फडक्याने पुसली. त्यात दोन दिवस गेले. फीत एका जागी चुरगळली होती. तेवढा तुकडा कापून जोडला. अडीच सेकंद गेले, पण ते लग्नातले होते. ताईला अजून सांगितलेले नाही.

संगणकावर उतरवायला घाई चालत नाही. तीन तासांची फीत तीन तासच घेते. दोन तास त्रेचाळीस मिनिटे आम्ही अक्षता, जेवणावळी, रुसलेले व्याही आणि मंडपाबाहेर फेटा बांधून बँडमध्ये उभे असलेले वडील पाहिले. मग शूटिंग तुटले. काही सेकंद नुसत्या मुंग्या आल्या. रेकॉर्डिंगच्या वेळी पुसणारे हेड लिहिणाऱ्या हेडच्या थोडे पुढे चालत असल्यामुळे एवढी जागा पुसली जाऊनही कोरी राहते. आणि मग, वाक्याच्या मधूनच, क्लॅरिनेट सुरू झाले.

११ मिनिटे ४० सेकंद. रंग उडालेले, वरच्या कडेला चित्र वाकलेले, पण सूर स्पष्ट. त्यानंतर इंग्रजी बातम्यांचा तुकडा, आणि फीत संपली. त्या बातम्यांचे मोल मैफलीइतकेच ठरले. निवेदिका सांगत होती, की अर्थखाते सांभाळणारे पंतप्रधान राजीव गांधी स्वतः अर्थसंकल्प मांडणार आहेत. तो अर्थसंकल्प २८ फेब्रुवारी १९८७ चा. म्हणजे दहा वर्षांऐवजी मला आता एकाच आठवड्याची वर्तमानपत्रे पाहायची होती. वाचनालयातल्या जुन्या अंकांत त्या रात्रीच्या कार्यक्रमपत्रिकेत काय छापले होते? ‘पाश्चात्त्य संगीत’. माझा पहिला अर्ज का फसला, ते त्या दोन शब्दांत होते.

दरम्यान वडिलांच्या पेटीत, रीडच्या डब्याखाली, एक ६० मिनिटांची ध्वनिफीत सापडली. व्हिडिओवर विश्वास नसल्यामुळे की काय, त्यांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डरही ठेवला होता. संपूर्ण मैफल तिच्यात आहे, फक्त बाजू उलटताना गेलेला भाग सोडून. रेकॉर्डर सेलवर चालत होता आणि सेल उतरत आलेले होते. फीत हळू चालत उतरली गेल्याने आता ती वाजवली की शेवटाकडे सूर चढत जातो. इथे ती ११ मिनिटे कामी आली. दोन्हींत असलेला भाग शेजारी ठेवून ध्वनिफितीचा वेग किती चुकला आहे ते मोजता आले, आणि तिथून मागे मागे जात बाकीचा आवाजही बराचसा सरळ करता आला. सुरुवातीला निवेदक वादकांची नावे सांगतो. पियानोवादकाचे आणि तबलजींचे नाव ऐकू येते. क्लॅरिनेटवाल्याच्या नावावर आमच्या कुकरची शिट्टी आहे.

ती शिट्टी काढून टाकायचा प्रयत्न संगणकावर दोघा जाणकारांनी केला. नाव निघाले नाही. गोव्यातल्या एका वृद्ध वादकाला मी चित्रफीत पाठवली. त्यांनी तीनदा पाहून कळवले, की बोटांची ठेवण ओळखीची आहे, पण कॅमेरा सारखा हातांवर आहे. चेहरा समोरून दिसला तरच सांगेन. चेहरा पहिल्या अर्ध्या तासात असणार, आणि तिथे आमच्याकडे अक्षता पडत आहेत.

गेल्या सोमवारी मी दुसरा अर्ज टाकला. या वेळी त्यात ‘जॅझ’ हा शब्द नाही. तारीख आहे, वेळ आहे, ‘पाश्चात्त्य संगीत’ हे शीर्षक आहे आणि निवेदनातली ऐकू येणारी दोन नावे आहेत. कॅसेटच्या खाचेवरची चिकटपट्टी मात्र मी उतरवून घेताना आधीच काढून टाकली होती.