आई वॉर्डात टिकली तर बाळ सावरतं

केसपेपरवर ‘व्यसन’ या रकान्यापुढे ‘नाही’ लिहायला दोन सेकंद लागतात. पुष्कळदा ते बाईला न विचारताच लिहिलं जातं. मी मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात प्रसूती विभागाची परिचारिका आहे. नशेच्या पदार्थांचा परिणाम झालेल्या आया आणि त्यांची नवजात बाळं यांची देखभाल आम्ही आमच्या विभागात नव्याने बसवली, आणि त्या कामाला या रकान्यापासूनच हात घातला. जे विचारलंच नाही, त्याची तयारी कुणी करत नाही. मग प्रसूतीनंतर दुसऱ्या रात्री बाळ कर्कश रडू लागतं, हातपाय थरथरतात, आणि कारण कुणालाच माहीत नसतं.

विचारायचं कसं, यावर आमचा बराच वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. सासू किंवा नवरा शेजारी असेल तर उत्तर ‘नाही’च येणार. म्हणून वजन आणि बीपी घ्यायला बाईला एकटीलाच आत बोलवायचं आणि तिथेच विचारायचं. “तंबाखू खाता का?” याला मशेरी लावणारी बाई नाही म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. तिच्या लेखी ते दात घासणं आहे. “ताई, दात कशाने घासता? दिवसातून कितीदा?” असं विचारलं की चार-पाच वेळा मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, हे ती मोकळेपणाने सांगते. ही किरकोळ बाब नव्हे. मुंबईतल्याच १,२१७ गरोदर महिलांचा पाठपुरावा करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मशेरी आणि तत्सम बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम हलकी आणि सुमारे ६ दिवस आधी जन्मलेली आढळली.

मशेरीपासून सुरुवात केली की पुढची दारं उघडतात. तिथून गुटखा, मग झोपेच्या गोळ्या, खोकल्याचं कोडीनवालं सिरप, दारू, आणि शेवटी गर्द (हेरॉइन), बटन (नायट्राझेपामच्या गोळ्या), एमडी (मेफेड्रोन). “आता घेता का?” यापेक्षा “दिवस गेल्याचं कळायच्या आधीच्या महिन्यात काय घेत होता?” या प्रश्नाला खरं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. “घरात आणखी कोण घेतं?” हेही विचारायचं. उत्तर ऐकताना आपला चेहरा बदलला, तर पुढचं उत्तर मिळत नाही.

लघवीच्या पट्टीवर आम्ही फार भिस्त ठेवत नाही. ती बाईची संमती घेऊनच करायची, आणि तिच्या मर्यादा ओळखून वाचायची. अफूजन्य पदार्थांची साधी पट्टी मॉर्फिन, कोडीन, हेरॉइन दाखवते. ट्रॅमाडॉल किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही कृत्रिम औषधं त्यात दिसत नाहीत. पट्टी कोरी आली म्हणून बाई कोरी, असं धरून बाळाला तिसऱ्या दिवशी घरी पाठवणं धोक्याचं आहे.

यानंतर अडसर होता पोलिसांच्या भीतीचा, आणि ती बायकांइतकीच कर्मचाऱ्यांनाही होती. बाई नशा करते एवढ्याच कारणाने एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे जाणारी नोंद, करावी लागते, असा समज रुजलेला होता. कायदा तसं म्हणत नाही. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात व्यसनही येतं. रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची, आणि मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल एरवी वेगळं करायचं नाही, असं तो सांगतो. मात्र मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सोखाली, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली, कळवणं बंधनकारक आहे. हे सगळं अधीक्षकांच्या सहीने एका पानावर आलं, तेव्हाच रात्रपाळीतल्या सिस्टर निर्धास्त झाल्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या ड्यूटीपर्यंत पोहोचत नाही.

बाळाआधी आईकडे बघायचं, हा आमच्या कामातला सगळ्यात मोठा बदल. गर्द ओढणाऱ्या बाईला शेवटच्या डोसनंतर आठ-बारा तासांत माघारीचा, म्हणजे नशा तुटल्याचा, त्रास सुरू होतो. जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब. वॉर्डात हे सहज प्रसूतीच्या कळांच्या किंवा ‘नाटकं करते’च्या खाती जमा होतं. तिला ते सोसवत नाही, ती डामा करून, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून, निघून जाते, आणि बाळ नवजात अतिदक्षता कक्षात (एनआयसीयूत) एकटं उरतं. बाळाला लागणारं सगळ्यात प्रभावी औषध म्हणजे आईची कुशी, आणि तीच अशी गेटाबाहेर जाते.

गरोदरपणात अफूजन्य पदार्थ एकदम तोडायचे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनाही नशेऐवजी देखरेखीखाली द्यायच्या मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या औषधांवर बाईला स्थिर ठेवायला सांगतात. ब्युप्रेनॉर्फिन सुरू करताना घाई नडते. शरीरात गर्द असताना गोळी दिली तर त्रास उलट उसळून येतो. माघारीची लक्षणं स्पष्ट दिसू लागल्यावर मानसोपचार विभागाचे डॉक्टर साधारण २ मिलिग्रॅमने सुरुवात करतात. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळेपर्यंत सिस्टरने समोर थांबायचं, आणि तोवर पाणी द्यायचं नाही. आधीपासून ओएसटी केंद्रात, म्हणजे हीच पर्यायी औषधं देणाऱ्या केंद्रात, जाणारी असेल तर केंद्राकडून रोजच्या डोसची खात्री करून तोच डोस चालू ठेवायचा, प्रसूतीच्या दिवशीसुद्धा.

घोळ व्हायचा तो रविवारी. औषध मानसोपचार ओपीडीतून मिळतं आणि ओपीडी रविवारी बंद. शनिवारी संध्याकाळपर्यंत सोय झाली नाही, तर सोमवारी सकाळी खाट रिकामी दिसते. रविवार आणि सणाच्या सुटीचा डोस ऑन कॉल मानसोपचार रेसिडेंटने वॉर्डात येऊन स्वतः द्यायचा, हे लेखी ठरवून घ्यावं लागलं. कागदावर क्षुल्लक वाटणाऱ्या या कलमाने जितक्या आया थांबल्या, तितक्या कुठल्याही समुपदेशनाने थांबल्या नसत्या, असं माझं ठाम मत आहे.

वेदनाशामकाबद्दल केसपेपरच्या पहिल्याच पानावर लाल पेनने लिहायचं: पेंटाझोसिन नको, ब्युटॉर्फनॉल नको. लेबर वॉर्डात फोर्टविन (म्हणजेच पेंटाझोसिन) आणि फेनर्गन हे जोडइंजेक्शन सवयीने दिलं जातं. पण गर्द, मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनवर असलेल्या बाईला फोर्टविनमुळे काही मिनिटांत तीव्र माघार येऊ शकते. एपिड्युरल किंवा स्पायनल, म्हणजे पाठीतून दिलेली भूल, चालते. सिझेरियननंतर पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅक मागेल तेव्हा न देता ठरलेल्या वेळी द्यायचं. तिचं दुखणं इतरांपेक्षा जास्त असतं आणि ते खरं असतं. रोजची ब्युप्रेनॉर्फिन ही तिची वेदनाशामक धरू नये.

दारू आणि बटनसारख्या नायट्राझेपामच्या गोळ्यांचं गणित वेगळं आहे. त्या एकदम थांबल्या तर आईलाच झटके येऊ शकतात, दारूचे साधारण ६ ते ४८ तासांत. बाळंतिणीला झटका आला की सगळ्यांच्या मनात आधी एक्लॅम्प्सिया (गरोदरपणातल्या वाढलेल्या बीपीचे झटके) येतो आणि तो वगळायलाच हवा. पण शेवटचा पेला किंवा गोळी कधी घेतली, हेही त्याच वेळी विचारायचं. दारू पिणाऱ्या बाईला ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) द्यायचं.

आता बाळ. जन्मल्यावर श्वास मंद असेल तर नेहमीप्रमाणे बॅग-मास्कने श्वास द्यायचा. आई अफूजन्य पदार्थांवर असेल तर बाळाला नॅलोक्सोन, म्हणजे अफूजन्य पदार्थांवरचा उतारा, द्यायचं नाही, कारण त्याने झटके येऊ शकतात. बाकी सगळं इतर बाळांसारखंच: आईच्या छातीवर उघड्या अंगाने ठेवणं आणि पहिल्या तासात दूध. आईला हेपॅटायटिस बी असेल तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) पहिल्या १२ तासांत, एचआयव्ही असेल तर एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्राच्या सल्ल्याने बाळाचं औषध. सुई टोचून नशा केलेली असेल तर आईची हेपॅटायटिस सी तपासणी हमखास.

आईच्या पोटात मिळणारा पदार्थ जन्मानंतर तुटतो, पण बाळाची माघारीची लक्षणं लगेच दिसत नाहीत, हीच खरी मेख. हेरॉइनची बहुधा २४ ते ४८ तासांत, ब्युप्रेनॉर्फिनची दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, मेथाडोनची कधी त्याहून उशिरा. नॉर्मल प्रसूतीची बाई तिसऱ्या दिवशी घरी जाते आणि बाळाचा त्रास वाटेत सुरू होतो. म्हणून गर्द असेल तर किमान ३ दिवस, ब्युप्रेनॉर्फिनला ४ ते ७, मेथाडोनला ५ ते ७ दिवस थांबवायचं. खाटांची ओढाताण असताना याला विरोध होणारच. तेव्हा तारीख भरतीच्या दिवशीच केसपेपरवर लिहायची, म्हणजे रोज नव्याने भांडावं लागत नाही. आईचा डोस कमी केला तर बाळाला कमी त्रास होईल, असं नातेवाईक सुचवतात. डोस आणि बाळाचा त्रास यांचं तसं सरळ नातं नाही.

थरथर दिसली की पहिल्यांदा साखर तपासायची, मग कॅल्शियम आणि जंतुसंसर्ग. आई नशा करते हे माहीत असलं, की बाळाची उतरलेली साखर नजरेतून निसटते.

पूर्वी सगळीकडे फिनेगन तक्ता वापरत. १९७५ चा हा तक्ता २१ लक्षणांना गुण देतो, आणि ठरावीक गुणांच्या पुढे मॉर्फिन सुरू होतं. गुण द्यायला शांत झोपलेलं बाळ उठवलं जातं, आणि उठवलेलं बाळ जास्त गुण मिळवतं. आम्ही ‘खाणं, झोप, शांत होणं’ ही पद्धत घेतली. दर तीन-चार तासांनी, दूध पिऊन झाल्यावर तीन प्रश्न: बाळ नीट अंगावर प्यायलं का किंवा किमान ३० मिलि दूध घेतलं का? सलग एक तास झोपलं का? रडल्यावर दहा मिनिटांत शांत होतं का? अमेरिकेतल्या २६ रुग्णालयांत १,३०५ बाळांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, या पद्धतीने बाळं सरासरी ८.२ दिवसांत घरी जाण्याजोगी झाली. जुन्या पद्धतीत १४.९ दिवस लागले. औषध लागलेल्या बाळांचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून १९.५ टक्क्यांवर आलं. तो तक्ता मराठीत छापून आम्ही खाटेच्या पायथ्याशी लावतो आणि आईच तो भरते. पाळी बदलताना ओव्हर देणाऱ्या-घेणाऱ्या दोन्ही सिस्टर तिच्यासमोर वाचतात.

तीनपैकी एका प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं की आधी हातांचं काम. खाट दरवाजापासून आणि नेब्युलायझरपासून लांब, कोपऱ्यात. ट्यूबलाइट बंद, मोबाइल सायलेंटवर. बाळाचे हात छातीशी घेऊन मऊ मलमलमध्ये गुंडाळायचं, कमरेखाली सैल. एका वेळी एकच गोष्ट करायची: झुलवायचं, नाहीतर गुणगुणायचं. दोन्ही एकदम केलं की बाळ आणखी बिथरतं. मुंबईच्या उकाड्यात आजी चार दुपटी आणि टोपडं घालते, बाळाला घाम येतो, अंग तापतं, आणि ते माघारीचं लक्षण म्हणून नोंदवलं जातं. मलमलचा एकच थर पुरे. कांगारू पद्धतीने छातीशी बांधणं सगळ्यात गुणकारी. आई थकली तर आजी, मावशी, तिने सांगितलेलं कुणीही.

ही बाळं अधाशासारखी चोखतात पण गिळण्याचा मेळ बसत नाही, म्हणून दर दोन तासांनी थोडं थोडं, लागलं तर काढलेलं दूध वाटी-चमच्याने. वजन रोज त्याच वेळी, त्याच काट्यावर. जन्मवजनाच्या १० टक्क्यांहून जास्त घट झाली तर डॉक्टरांना कळवायचं. पातळ शीमुळे ढुंगण सोलवटतं, तेव्हा साध्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसून झिंक ऑक्साइड मलम. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनवर स्थिर असलेल्या आईने अंगावर पाजावं; दुधातून उतरणारं प्रमाण अगदी थोडं असतं. गर्द किंवा एमडी अजून चालू असेल तर ते दूध द्यायचं नाही. अशा वेळी आईच्या दुधाच्या पेढीकडे विचारणा करता येते. देशातली पहिली पेढी १९८९ साली आपल्या सायन रुग्णालयातच डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

एवढं करूनही बाळ पीत नसेल, झोपत नसेल, तर औषध लागतं आणि ते रोखून धरू नये. तोंडावाटे मॉर्फिन साधारण ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलो, दर तीन ते चार तासांनी, बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि ऑक्सिमीटर लावून. खरा धोका पातळ करताना असतो. १० मिलिग्रॅमच्या १ मिलि इंजेक्शनमध्ये २४ मिलि घातल्यावर दर मिलिलिटरला ०.४ मिलिग्रॅम होतं. ३ किलोच्या बाळाचा ०.१५ मिलिग्रॅमचा डोस म्हणजे जेमतेम ०.३८ मिलि. दशांश चिन्ह एक घर सरकलं तर दहापट औषध जातं. म्हणून औषध फार्मसीतच बनवायचं, १ मिलिच्या सिरिंजने मोजायचं, दोघींनी वेगवेगळं गणित करायचं. फेनोबार्बिटोन हे झटक्यांवरचं औषध कपाटात हाताशी असतं म्हणून तेच वापरण्याचा मोह होतो. आईने बटन घेतलं असेल तर त्याला जागा आहे. नुसत्या गर्दवर मात्र ते जुलाब थांबवत नाही आणि बाळाचं चोखणं आणखी मंदावतं.

घरी सोडताना पहिला प्रश्न: जाणार कुठे? बाळंतपणाला माहेरी, साताऱ्याला किंवा रत्नागिरीला जाणारी बाई दादरहून निघाली की तिचं औषध तुटतं. जवळच्या ओएसटी केंद्राशी आधी बोलून, डोस लिहिलेली चिठ्ठी तिच्या हातात द्यायची. बाळंतपणानंतरचे महिने पुन्हा नशेकडे वळण्याचे असतात. माता-बाल कार्डावर व्यसनाचा उल्लेख करायचा नाही, ते कार्ड घरात सगळे वाचतात. आरोग्य सेविकेला काय सांगायचं, ते आईच्या परवानगीने वैद्यकीय समाजसेविका सांगते. दहा बाय दहाच्या खोलीत सगळे जमिनीवर झोपत असतील, तर बाळाला त्याची वेगळी गोधडी, उताणं, आणि गोळ्या किंवा दारू घेतलेल्या माणसाच्या शेजारी कधीच नाही. झोपावं म्हणून कुणी काही चाटवलं तर लगेच घेऊन या, हेही सांगायचं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मुलांसाठीची १०९८ तिच्या मोबाइलमध्ये तिथेच सेव्ह करून द्यायची.

पहिली भेट आठवड्याच्या आत, वजनासाठी. पुढे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींच्या दिवशीच आईची मानसोपचार ओपीडीची तारीख घेतो, म्हणजे घरी फक्त “बाळाची लस आहे” एवढं सांगून ती निघू शकते.